एका आंब्यासाठी अख्खी आढी

रत्नागिरी,
८ मे

प्रिय अक्षया,

पाकीट फोडल्या फोडल्या तू आधी शेवटचं पान बघशील, हे मला ठाऊक आहे. पुस्तकाचंही तू तेच करतेस. लग्नानंतर पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी तुझ्याशी भांडलो होतो, आणि तू शांतपणे म्हणाली होतीस की शेवट कळला की मग मला निवांत वाचता येतं. तेव्हा बघ जा. मी मात्र पहिल्यापासूनच लिहिणार. मला दुसरं काही येत नाही, आणि आज तर जे येतं त्याचाही भरवसा राहिलेला नाही.

फोन का नाही केला म्हणशील, तर बंदी तूच घातलीयस. शिमगा झाला, तू परत निघालीस, सानवीला खिडकीजवळ बसवलंस आणि गाडी सुटायला वेळ होता म्हणून पुन्हा खाली उतरलीस. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत तू मला विचारलंस, "विनीत, तू ठाण्याला येणार आहेस की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांग." आणि मी काय केलं? आंब्याचा सीझन तोंडावर आलाय, इथून सुरुवात केली. सोसायटीचं काम, नवा सर्व्हर, श्रुतीचा पगार, बाबांचं वय, चाळिशी उलटलेल्या माझ्यासारख्याला ठाण्यात कोण दारात उभं करणार. कंडक्टरने घंटी दिली तरी मी श्रुतीच्या पगारावरच होतो. तू हात वर केलास, म्हणजे पुरे, आणि चढलीस. गाडी चिपळूणच्या पुढे गेली असेल तेव्हा तुझा मेसेज आला. उत्तर असेल तेव्हाच फोन कर, आणि मे संपला की मी विचारणं बंद करीन.

विचारणं बंद करीन, या शब्दांनी माझी अन्नावरची वासना उडवलीय. तू चिडतेस, टाकून बोलतेस, दोन दिवस अबोला धरतेस, ते सगळं मला झेपतं. पण तू विचारायचंच सोडून दिलंस तर मी कुठे जाऊ? दोन वर्षांपूर्वी तू ठाण्याच्या लॅबमधली नोकरी धरलीस ती दोघांच्या मताने. माझ्या इथल्या कामावर घर चालत नव्हतं, तिथे तुझी आई होती, सानवीला बघायला घरचं माणूस होतं. वर्षभराचा तर प्रश्न आहे, असं मीच म्हणालो होतो. आळीतले लोक गंमत करायचे, काय विनीतशेठ, लोकांचे नवरे मुंबईला आणि तुमचं उलटंच, वहिनी चाकरमानी झाल्या की हो! मीही हसायचो. आता कोणी तसं म्हटलं की मी चप्पल घालून बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर कुठे जायचं ते कळत नाही.

सीझनचं सांगतो. तुला कंटाळा येईल, पण ऐक, कारण या दोन महिन्यांत माझं जे काही झालं ते त्यातच झालंय. बागायतदारांच्या सोसायटीची केंद्रं गावोगाव पसरलेली, हे तुला माहीतच आहे. आंबा केंद्रावर येतो, पेटी भरते, पेटीवर लेबल चिकटतं. कोणाची बाग, कधीची तोड, पेटीचा नंबर. लेबल नाही तर पेटी ट्रकात चढत नाही आणि वाशीला कोणी तिला हात लावत नाही. सानवी झाली त्या वर्षी मी त्यांना पहिला प्रोग्राम लिहून दिला होता, एका हाताने पाळण्याची दोरी ओढत. त्यात सगळी माहिती एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल रत्नागिरीच्या ऑफिसात. केंद्रावरच्या माणसाला एकाच बागायतदाराचं नाव हवं असलं तरी ती सगळीच्या सगळी फाइल लाइनवरून तिकडे जायची आणि मग तिकडचा कॉम्प्युटर तिच्यात ते नाव शोधत बसायचा. एक आंबा पिकलाय का बघायला पिकत घातलेल्या आंब्यांची अख्खी आढी, खालच्या पेंढ्यासकट, उचलून घरात आणावी तसला प्रकार. पेट्या थोड्या होत्या तोवर चाललं. मग चालेना.

यंदा ते मोडून नवीन करायचं ठरलं. केंद्राने फक्त प्रश्न पाठवायचा, शोधाशोध मधल्या सर्व्हरने करायची आणि परत धाडायचं ते फक्त उत्तर. एक ओळ गेली, एक ओळ आली. इथपर्यंत माझं आणि श्रुतीचं एकमत होतं. तू तिला शिमग्याला भेटलीस, चष्म्यातली, कमी बोलणारी, ऑफिसात माझ्यासमोरच्या टेबलावर बसते ती. वाद पुढचा होता. केंद्रावर काहीच ठेवायचं नाही, की थोडी माहिती तिथेही ठेवायची, म्हणजे लाइन गेली तरी काम अडणार नाही? श्रुती म्हणायची ठेवू या. मी म्हणायचो, एका गोष्टीच्या दोन प्रती झाल्या की आज ना उद्या त्या वेगवेगळं बोलायला लागतात, मग खरी कुठली? एकच जागा हवी. दोघं भांडून दमलो, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष गंगारामकाका म्हणाले, देवीला विचारू.

हसू नकोस. पहिला ट्रक कधी सोडायचा हेसुद्धा तिथे कौल लावून ठरतं, मग हे का नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळे त्यांच्या गावच्या देवळात गेलो. काकांनी गाऱ्हाणं घातलं आणि देवीला विचारलं की माहिती एका जागी ठेवू की केंद्राकेंद्रावर ठेवू. गुरवाने पाकळ्या भिजवून हातात घेतलेल्या, तो तसाच थांबला. "एक काय ते इचारा," तो म्हणाला, "हे का ते, असं नाय चालत. देव हो-नाय सांगतो, भाषण नाय करत." मग काकांनी नीट विचारलं, सगळं एकाच जागी ठेवू का? गुरवाने मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या. मग उजवीकडची पाकळी सुटली, म्हणजे हो. माझंच म्हणणं आलं म्हणून मी खूश. येताना गाडीत श्रुती एवढंच म्हणाली की देवळात रेंज आहे का ते आधी बघायला हवं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिच्या म्हणण्याने माझ्या डोळ्यांत अंजन घातलं. डोंगराच्या बगलेतलं एक केंद्र, दुपारची वेळ, ट्रक लागलेला, पेट्या भरून ओळीने मांडलेल्या, आणि लाइन गेली. नंबर द्यायचा सर्व्हरने, सर्व्हरपर्यंत पोचायची वाट बंद. पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय आणि लोक माझ्या तोंडाकडे बघतायत. मी छपरावर चढलो, मोबाइल उंच धरला, अँटेना फिरवली, कातळावर पळत जाऊन येऊन बघितलं. काही नाही. पत्र्याखाली आंबा तापत होता, त्याचा वास सुटला होता. ट्रक अर्धा रिकामा गेला. वाशीचा बाजार कोणासाठी थांबत नाही. पुढच्या चार दिवसांत आणखी दोन केंद्रांवर तेच झालं. ज्या आंब्याला लोकांनी पोरासारखं सांभाळलं तो माझ्या फिरत्या चक्रासमोर पिकून मऊ पडला.

गंगारामकाकांनी मला ऑफिसात बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, अजून एक ट्रक राहिला तर पुण्याच्या कंपनीला बोलावतो, माझ्या हातात मग काही नाही. कौल तुम्हीच लावला होतात, असं माझ्या ओठांवर आलं होतं, गिळलं. बाहेर येऊन पायरीवर बसलो. आता तुला एक सांगतो, जे मी श्रुतीलाही बोललेलो नाही. पायरीवर बसल्या बसल्या मला वाटलं, बुडू दे. बुडालं की प्रश्नच मिटला. मग ठाण्याला जावंच लागेल, अक्षयाला सांगायचं की बघ, इथलं सगळं संपलं, आलो. इतकं हलकं वाटलं मला त्या क्षणी, आणि दुसऱ्याच क्षणी इतकी शरम वाटली. हरलेला नवरा दारात आला तर तू घरात घेशील, हे मला माहीत होतं. पण तू मला विचारलं होतंस येणार का, आणि मी कोणीतरी ढकलून देण्याची वाट बघत होतो.

बाबा त्या आठवड्यात अलोऱ्याहून आले होते, गुडघा दाखवायला, ते अजून इथेच आहेत. त्यांना बघून मला त्यांची एसटीच्या कंडक्टरकीतली तिकिटांची पेटी आठवली. लहानपणी मी तिच्याशी खेळायचो. सकाळी डेपोतून निघताना कंडक्टरला आपापल्या नंबरांचे गठ्ठे मिळायचे. दर तिकिटाला डेपोला विचारायला कोण जातंय? गाडी घाटात असो की खाडीकाठी, आपला गठ्ठा आपल्याजवळ. परत आल्यावर हिशेब जुळवायचा. म्हटलं, हेच करायचं. श्रुतीला सांगितलं, तर ती म्हणाली, मी फेब्रुवारीपासून वेगळं काय सांगतेय? बरोबर होतं तिचं. आम्ही प्रत्येक केंद्राला नंबरांचा आपापला गठ्ठा आधीच देऊन ठेवला. केंद्रावर फक्त त्या केंद्राच्या बागायतदारांची छोटी प्रत ठेवली, सगळ्या जगाची नाही. लाइन असेल तर सर्व्हरला विचारा, नसेल तर आपलं आपण लेबल छापा. जे मधल्या काळात बदललं तेवढंच रांगेत उभं राहील आणि लाइन आली की आपोआप वर जाईल. जेवणखाण सोडून दोघांनी ते काम ओढून काढलं. गंगारामकाकांनी पुन्हा कौल लावायचं म्हटलं, तेव्हा नको म्हणून मी त्यांचे फक्त पाय धरायचे बाकी ठेवले होते.

आणि चाललं, अक्षया. लाइन जाते, येते, ट्रकला पत्ताच नाही. बाबल्या, तोच तो वाशीला ट्रक नेणारा, म्हणतो की यंदा विनीतभाऊंमुळे मला केंद्रावर झोप काढायला मिळत नाही. एकदाच घोळ झाला. एका माणसाने बाग भावाच्या नावावर केलेली, सर्व्हरला ठाऊक होतं, केंद्राच्या प्रतीला नव्हतं, जुन्या नावाची लेबलं गेली. संध्याकाळी लाइन आल्यावर दुरुस्त झालं. भावाभावांनी हसून सोडून दिलं. पेटीचं तसं असतं, तिला जुनं नाव लागलं तरी आंबा तोच राहतो. मी श्रुतीला म्हणालो, एवढी चूक चालते.

मग परवाचा रविवार. सानवीचा फोन आला. तुझ्या आईने लावून दिला असणार, तू कुठेतरी जवळच होतीस, भांड्यांचा आवाज येत होता. मी उत्साहात विचारलं, काय गं, मंगळवारच्या पोहण्याची तयारी झाली का, मागे म्हणालीस ते पाण्यात डोळे उघडायचं जमलं का? ती म्हणाली, "बाबा, तू जुनं सांगतोयस." तिने एप्रिलच्या सुरुवातीलाच पोहणं सोडलंय. नाकातोंडात पाणी गेलं, घाबरली, आठवडाभर आंघोळीलाही रडली, तुला चिकटून झोपली. आता ती चित्रकलेला जाते. पुढचा दातही पडून नवा आला म्हणे. हे सगळं तिने मला एखाद्या पाहुण्याला सांगावं तसं समजुतीने सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून. मी म्हटलं हो का, वा, छान. फोन ठेवला आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. बाहेर बाबा होते म्हणून.

ती पाण्याला भ्यायली तेव्हा मी काय करत होतो, ते मी आठवायला बसलो. आठवलंच नाही. मोबाइल उंच धरून कुठल्यातरी कातळावर उभा असेन. माझ्याजवळ जी सानवी आहे ती शिमग्यातली आहे. तिला पोहायला आवडतं, तिचा दात हलतोय, ती फोनवर बाबा म्हणून किंचाळते. तुझ्याजवळची सानवी रोज बदलतेय आणि त्यातलं माझ्यापर्यंत काही येत नाही. आणि तुझं तर माझ्याजवळ काहीच नाही. तुला अजून सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का? लॅबमधल्या त्या खडूस बाईने रजा दिली का? मला जे माहीत आहे ते सगळं जुनं आहे.

बाबांना मोरीतलं कळलं असावं. जेवताना म्हणाले, "तुझा आजा मुंबईला डॉकात, मी रोज गाडीवर. या घरातल्या पोरांना बाप सणालाच दिसला. तू गाव न सोडताही तेच केलंस की रे." आणि भाताला हात लावला. मला वाटलं होतं, मी इथे राहिलो तो त्यांच्यासाठी. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मान वर न करता विचारलं की मी कधी सांगितलं होतं? नंतर स्वतःच म्हणाले, देवीला कौल लावू या का, जायचं की नाही ते. मी नाही म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की ते दचकले.

काल सोसायटीची सभा झाली. काम पुढची तीन वर्षं आमच्याकडेच राहणार. टाळ्या वाजल्या, गंगारामकाकांनी नारळ दिला, शाल दिली. शिमग्यापासून मी याच दिवसाची वाट बघत होतो. मनातल्या मनात मी ठरवून टाकलं होतं ना, काम जमलं तर तुलाच म्हणायचं की बघ, इथे आता बस्तान बसलं, तू परत ये. बुडालं तर मी यायचं. म्हणजे तुझ्या प्रश्नालाही मी कौलच लावून बसलो होतो, आणि पाकळी कुठल्या बाजूला पडते ते तोंड उघडं टाकून बघत होतो. काल ती उजवीकडे पडली. हातात नारळ घेऊन मी उभा होतो आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की मे महिन्याचा आठवडा गेलाय.

बाबल्या आज ट्रक घेऊन निघतोय, वाशीला पेट्या उतरवून येताना तो ठाण्यात तुझ्या दारात हे पत्र आणि एक पेटी देईल. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा सीझनपासून सुरू केलं असतं, म्हणून हे पत्र. तरी केलंच सुरू, बघ. इतकी पानं भरली. तू माझ्याकडे एक आंबा मागितलास आणि मी दोन वर्षं तुझ्या दारात आढ्या ओततोय. पुरे आता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो. येतो. श्रुतीला काल सांगितलं, इथलं ती बघेल, मला लागेल तसं ती विचारेल आणि मी तिथून उत्तर देईन. बाबांनी माझी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय. अजून तू विचारतेस का, हे मला माहीत नाही, आणि त्याचीच भीती आहे. माझाही एकच प्रश्न आहे, आलो तर दार उघडशील? एका शब्दात बाबल्याजवळ सांगून पाठव, तो तिथे थांबेल, मी त्याला तसं सांगितलंय. आणि तू सवयीप्रमाणे हे पान आधी वाचलं असशील, तर वरचं काहीही वाचू नकोस. त्याची आता गरज नाही.

तुझाच,
विनीत